मैनेचं तोंड

व्हिडिओ एडिटिंगला कुठला कंप्युटर घेऊ, हे विचारायला माझ्या दुकानात कुणी ना कुणी टपकतंच. नेरळ स्टेशनबाहेर माझा फोटो स्टुडिओ आहे. हळदी, साखरपुडे, बारशी, जे येईल ते शूट करते आणि स्वतःच बसून एडिट करते. पोरं येतात, काउंटरवर कोपर टेकून विचारतात, "संध्याताई, सगळ्यात भारी कुठला?" मी उलट विचारते, "आधी हे सांग, त्यावर कापणार काय आहेस?" झालं, तोंडं बघण्यासारखी होतात. यांना नुसता कंप्युटर हवा असतो, त्यात घालायला काही नसतं. कर्म माझं!

जैतूकडे मात्र उत्तर तयार होतं.

"बाय, तू बघ, माझ्या घोडीचा व्हिडू हाय. ती गेली. मी तिचा जीव घेतला नाय, येवढं लोकांना दिसलं पायजेल."

ठाकर आदिवासींची ही जुनी माणसं लहानथोर सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, त्यात अपमान नसतो. मी त्याला बस म्हटलं. तो बसला नाही. दारातल्या पायपुसण्यावरच उभा राहिला, कारण त्याला ठाऊक होतं की मी ती क्लिप पाहिली असणार. अख्ख्या तालुक्याने पाहिली होती.

जैतू माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतला. त्याचा बाप वरच्या हॉटेलांची ओझी वाहायचा. जैतू आधी दुसऱ्यांच्या घोड्यांचे लगाम धरायचा, मग बऱ्याच वर्षांनी त्याची स्वतःची घोडी झाली, मैना. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. रोज सकाळी रानातल्या वाटेने तो वर चढायचा, दस्तुरीला गाड्या थांबतात तिथे मैनेला घेऊन उभा राहायचा आणि लोकांना बाजारपेठेत, पॉइंटांवर फिरवून आणायचा. शर्टावर परवान्याचा बिल्ला. तो बिल्ला नसेल तर वर घोड्याला हात लावता येत नाही. बाकी वाडीच्या उतारावर थोडी नाचणी, आणि बायको पारू मोसमात करवंदं-जांभळं घेऊन नेरळच्या बाजारात बसायची. त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि घोड्यांचं जे येत होतं त्यावर तो खूश होता. गंमत म्हणजे मैनेवर तो स्वतः कधी बसला नाही. विचारलं तर म्हणायचा, "माझ्या पायांना काय झालंय?"

तर ती क्लिप. उन्हाळ्यात एका दुपारी मैनेचं पोट फुगलं. घोड्याच्या पोटात कळ उठली की तो जमिनीवर लोळायला बघतो, आणि लोळला की आतड्याला पीळ पडेल अशी भीती असते. म्हणून घोडेवाले त्याला बसू देत नाहीत. चालवत ठेवतात. ओढतात, हाका मारतात, आणि तरी गुडघे टेकलेच तर ओल्या फोकाने पाठीमागे मारून उठवतात. जैतूने तेच केलं. मैना गुडघ्यावर येत होती, हा फोकाने मारत होता, रडत होता, शिव्या देत होता. हॉटेलच्या ओट्यावरून एका बाईंनी तेवढंच टिपलं आणि इंटरनेटवर टाकलं. रडणं काही त्या क्लिपमध्ये कळत नाही. गुडघे टेकलेली घोडी आणि तिला बडवणारा माणूस, बास. दुसऱ्या दिवशी सकाळी मैना गेली, आणि क्लिपखाली आणखी एक ओळ आली, 'शेवटी मारूनच टाकली नराधमाने.'

मग काय विचारता! ज्यांनी जन्मात घोड्याला मूठभर चारा घातला नाही, ते सगळे घोड्यांचे आईबाप झाले. परवाने देणाऱ्या समितीने जैतूचा बिल्ला काढून घेतला, चौकशी बसली. बाकीचे घोडेवाले गप्प. त्यांना सगळं माहीत होतं, पण गिऱ्हाइकं आधीच "आम्ही पायी जाऊ" म्हणायला लागली होती, तेव्हा कोण कशाला पुढे येतंय? इकडे बाजारात पारूच्या पाटीपुढे बायका थांबायच्या, एकमेकींना कोपर मारायच्या, "हीच ना गं त्याची?" म्हणायच्या आणि करवंदं न घेता जायच्या.

जैतूच्या फोनमध्ये मात्र खरं काय ते होतं. त्या दुपारी जनावरांचा डॉक्टर खाली नेरळला होता. तो फोनवर म्हणाला, मला व्हिडिओ पाठवत राहा, मी सांगतो काय करायचं. म्हणून दस्तुरीला शेजारी उभ्या राहणाऱ्या राजेश नावाच्या घोडेवाल्याने जैतूचाच फोन धरून तुकडे तुकडे शूट केले होते. हिरड्यांचा रंग, फुगलेलं पोट, चालवणं, मारणं, पाणी पाजणं, पुन्हा चालवणं. आणि शेवटचा तुकडा सकाळचा. डॉक्टर वर पोचला तेव्हा मैना गेलेली. तो तिच्या डोक्याशी बसलाय, तिच्या जबड्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे बघत सांगतोय, "आतड्याला पीळ पडला. ह्याने रात्रभर उभी ठेवली म्हणून सकाळपर्यंत तरी जगली. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं."

आता तुम्ही म्हणाल, मग डॉक्टरलाच उभा करायचा! मीही तेच म्हटलं. डॉक्टर कंत्राटावरचा होता, कंत्राट संपलं, तो गेला, नंबर बंद. राजेशला साक्ष दे म्हटलं तर तो माझ्या दुकानासमोरून मान खाली घालून जायला लागला.

"दे तो फोन, मी करून देते," मी म्हटलं. "बसल्या बैठकीला होईल."

"नाय बाय. तू केलंस तर चौकशीवाले बोलतील, नेरळच्या स्टुडिओतून बनवून आणलाय. माझ्या हातानं झाला पायजेल. ते इचारतील हितं का कापलं, तर मला सांगता आलं पायजेल."

हे काही चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, मग फोनवरच कर. पण त्याच्या फोनची काच फुटलेली, मेमरी गच्च भरलेली, ॲप उघडलं की फोन मरायचा. शिवाय ते फुकटातलं ॲप कोपऱ्यात आपलं नाव छापायचं. चौकशीच्या व्हिडिओवर असला नाचरा शिक्का शोभला असता होय?

त्याला घेऊन कर्जतला गेले. तिथल्या पहिल्या दुकानात पोराने कीबोर्डखाली रंगीत दिवे लागणारा लॅपटॉप पुढे केला, गेम खेळायचा. जैतूने दिवे बघितले आणि मला हळूच विचारलं, "ह्ये बंद करता येत्यात का?" त्याला बाहेर काढलं आणि विकासकडे नेलं. विकास मुंबईच्या ऑफिसांतून निघालेली जुनी मशीनं आणून विकतो. चोर नाही, थोडा आळशी आहे. त्याने डेस्कटॉप दाखवला. तेवढ्याच किमतीत डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो, पुढेमागे आत काही बदलताही येतं. पण वाडीत दिवसातून कितीदा लाइट जाते! अर्धं काम झालं आणि बत्ती गुल, की बोंबला. आणि ठेवणार कुठे, चुलीशेजारी? म्हणजे लॅपटॉपच.

मग मी विकासला पिळून काढलं. दिसायला कसाही चालेल, बटणं घासलेली चालतील, पण आत एसएसडी हवी, जुनी फिरती हार्ड डिस्क नको, नाहीतर प्रत्येक तुकडा उघडायला जांभया देत बसावं लागतं. रॅम आठ जीबीच्या खाली मी बघतच नाही, व्हिडिओसाठी सोळा असेल तर देव पावला. त्याला आणखी एक रॅमची पट्टी टाकायला लावली. वेगळं ग्राफिक कार्ड नव्हतं. फोनच्या साध्या व्हिडिओला ते लागतंच असं नाही. बॅटरी माझ्यासमोर चालवून दाखव म्हटलं. विकास म्हणाला, "ताई, मुलीचं लग्न ठरवताय का?" मी म्हटलं, "त्याहून मोठं काम आहे, गप बस."

सॉफ्टवेअरचा घोळ वेगळाच. विकास पेनड्राइव्ह नाचवत म्हणाला, मोठ्या महागड्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडून आणलंय, टाकून देतो. डोंबल तुझं! त्यातून व्हायरस आला तर जैतूचे सगळे तुकडे गेले असते. दुसरं एक थोडे दिवस फुकट चालतं, मग पैसे मागतं. तिसरं खरोखर फुकट आणि फार चांगलं, पण त्या जुन्या मशीनला ते पेलेना, उघडलं की पंखा बोंबलायला लागला. शेवटी एक साधं, हलकं, कायमचं फुकट टाकलं. शिक्का नाही, मुदत नाही. नवख्याला काय लागतं हो? कापता यावं, जोडता यावं, आवाज कमीजास्त करता यावा, वर चार अक्षरं लिहिता यावीत. बाकीची झगमग हळदीच्या व्हिडिओला.

जैतू रोज संध्याकाळी दुकानात येऊन शिकायला लागला. हुशार-बिशार नव्हता, उगाच सांगणार नाही. एका बोटाने बटण दाबायचा, तेही तव्याला हात लावावा तसं. चौथीपर्यंतचं मराठी वाचायचा, इंग्रजीच्या नावाने शून्य, म्हणून मी बटणांच्या खुणा पाठ करून घेतल्या. खालच्या पट्टीवर तुकडे एकामागोमाग लावायचे, हे त्याला पटकन कळलं. पण कापायला तो तयारच होईना. "ह्ये बी खरं हाय, त्ये बी खरं हाय, मग काढू कुठलं?" मी ओरडायचे. "अरे जैतूदादा, लोक दोन मिनिटांवर बघत नाहीत! तुझी रात्र कोण बघत बसणार आहे?" तो मान हलवायचा आणि पुन्हा सगळं लावून ठेवायचा. मी त्याच्यावर किती चिडले असेन त्याला गणती नाही, आणि तो माझ्यावर एकदाही चिडला नाही, त्यामुळे मी आणखी चिडायचे.

डॉक्टरच्या तुकड्यावर आमचं खरं वाजलं. मी तो तुकडा लावला आणि म्हटलं, "हा सगळ्यात आधी. हाच तुझा हुकमाचा पत्ता." मान वळवून बघते तर हा दुकानाबाहेर, पाठ करून उभा.

"काय झालं?"

"त्यो बंद कर आधी."

मी बंद केल्यावर आत आला. "आमच्या वाडीत गेलेल्या जनावराचं तोंड कुणाला दावत नाय. लगेच फडकं टाकतो, माती हुईपर्यंत. ज्यानं पाळलं त्यानं ह्येवढं करायचं असतं. राजेस दुसऱ्या गावचा, त्याला काय ठावं, तो फोन धरून व्हता. मी फडकं आणाया पळलो व्हतो."

"अरे पण हा व्हिडिओ आहे!"

"तोंड तिचंच हाय ना?"

मी म्हटलं, धुरकट करते, फक्त तेवढा भाग. करून दाखवला. तो बघून म्हणाला, "धुक्यातनं बी वळख पटते." कडेने चित्र कापावं नाहीतर तोंडावर काळा चौकोन टाकावा, तर डॉक्टर तिच्या तोंडावरच वाकून बसलेला, एक झाकून दुसरा दिसेना. शेवटी मी त्याला शिकवलं की चित्र काढून टाकता येतं आणि खालचा आवाज तसाच ठेवता येतो. पडदा काळा, आवाज डॉक्टरचा. जैतूने ते स्वतःच्या हाताने केलं. आवाज ऐकून त्याचे डोळे भरून आले, म्हणाला, "आता झाकली." मलाही वाटलं, सुटलं एकदाचं. तरी मूळ तुकडा मी माझ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवला. स्वभावच आहे माझा, मूळ फाइल मी कुणाचीच फेकत नाही.

चौकशी माथेरानला एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. लॅपटॉप जोडायला म्हणून मी बरोबर गेले. पारू दस्तुरीलाच थांबली, वर यायला ती तयार नव्हती. हॉलमध्ये हॉटेलवाले, काही घोडेवाले, मुंबईहून आलेल्या प्राणिमित्र बाई. मध्ये साईनाथ शेठ, हॉटेलवाल्यांतले वजनदार गृहस्थ आणि त्या समितीचे अध्यक्ष, आणि त्यांच्यापुढे टेबलावर जैतूचा बिल्ला.

व्हिडिओ चालू झाला. मैनेचं पोट दिसलं, हिरड्या दिसल्या. चालवणं, मारणं, पाणी. मध्ये जैतूचं रडणंही ऐकू आलं. एकदोन घोडेवाल्यांनी डोळे पुसले. प्राणिमित्र बाई पुढे झुकून बघत होत्या, आणि मला वाटलं, बाईंचं मन वळतंय. मग पडदा काळा झाला आणि डॉक्टरचा आवाज आला. 'त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.' संपलं.

मग बाईंनी विचारलं, "चित्र का नाही इथे?"

जैतूने सांगितलं. मैनेचं तोंड, फडकं, माती, सगळं. जसं मला सांगितलं होतं तसंच.

"तुमच्या भावना मी समजू शकते," बाई म्हणाल्या. "पण नेमका महत्त्वाचा भाग काळा? हा आवाज डॉक्टरांचाच कशावरून? आजकाल कुणाचाही आवाज मशीन काढून देतं."

आणि खोटं कसं म्हणू? देतंच की. मीच पोरांना ते करून दाखवलेलं आहे.

साईनाथ शेठ वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "जैतू, आम्हालाही तुला वर बघायचंय. मूळ चित्र असेल तर लाव, बाबा. डॉक्टरचा चेहरा दिसला की विषय संपला. हा बिल्ला घे आणि जा."

मी तोवर पर्समधून पेनड्राइव्ह काढला होता. "आहे! माझ्याकडे आहे, आत्ता लावते!" म्हणून लॅपटॉपकडे धावले. जैतू उठला आणि माझ्या आणि लॅपटॉपच्या मध्ये उभा राहिला. मला हात लावला नाही. दोन्ही हात जोडले, भर सभेत, माझ्यापुढे.

"नको बाय."

"अरे मूर्खा, सुटतोयस!" मी किंचाळले. "ती मेली! तिला काय कळणार आहे? तू जिवंत आहेस, तुझी बायको जिवंत आहे!"

"व्हय," तो म्हणाला. "तिला कळणार नाय. म्हणून तर मला बघाया लागतं."

मी पुष्कळ बोलले. घोडेवाले बोलले, राजेशसुद्धा शेवटी उठून म्हणाला, अरे लाव रे, मी केलाय तो शूट, मी सांगतो खरा आहे. पण राजेश आतापर्यंत गप्प का होता, यावरूनच बाईंनी त्याला उभा-आडवा घेतला आणि तो खाली बसला. साईनाथ शेठने पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा. जैतू मान हलवत राहिला. शेवटी शेठने बिल्ला उचलून खिशात टाकला आणि म्हणाला, "मग आमचा इलाज नाही." क्लिप टाकणाऱ्या त्या पहिल्या बाई आल्याही नव्हत्या.

परत येताना लाल मातीच्या रस्त्याने मी पुढे आणि तो मागे. मी त्याच्याशी बोलत नव्हते. राग आला होता मला, प्रचंड राग, आणि तो अजूनही आहे. हट्ट होता तो! एका मेलेल्या जनावरासाठी जिवंत संसाराचं वाटोळं. असं मी मनात म्हणत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, म्हणून मागे वळून बघत नव्हते.

दस्तुरीला पारू कठड्यावर बसली होती. आम्हाला बघून उठली. जैतूच्या शर्टाकडे तिने बघितलं, तिथे बिल्ला नव्हता.

मी म्हटलं, "पारू, तूच सांग आता ह्याला. चित्र दाखवलं असतं तर मिळत होता. नाही म्हणाला."

पारूने माझ्याकडे बघितलंच नाही. नवऱ्याला विचारलं, "मैनेला दावलंस का त्यांना?"

"नाय."

"बरं केलंस," पारू म्हणाली. पदराने तिने त्याचं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं, मग स्वतःचं पुसलं. आणि त्याच पदराचं टोक हातात धरून तिने विचारलं, "उद्यापासनं कुठं जायाचं रं आता?"

जैतूने खाली नेरळकडे बघितलं, जिथे नव्या इमारतींच्या क्रेन उभ्या होत्या, आणि त्या बाजूच्या उताराला लागला.